परक्याच्या घरचा कारभार, आपल्या घराचे तारण

मनुष्यबळ व्यवस्थापनाची पदवी घेण्यासाठी ग्रामीण महाराष्ट्रातील तरुणही आता लाखो रुपयांचे कर्ज डोक्यावर घेऊन परदेशी निघाला आहे. परदेशगमनाला विरोध असण्याचे कारण नाही. परंतु काय शिकायचे, कोणासाठी शिकायचे आणि कोणाच्या सांगण्यावरून शिकायचे, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाल्याशिवाय घराची कागदपत्रे बँकेत जाता कामा नयेत.

वेदगंगेच्या काठावरील मुरगूड हे कागल तालुक्यातील नगरपालिकेचे गाव. १९४२च्या लढ्यात गारगोटीच्या कचेरीवरील चढाईत हौतात्म्य पत्करलेल्या तुकाराम भारमल यांची ही भूमी. येथील शेतकरी कुटुंबांचा ऊस बिद्रीच्या किंवा हमीदवाड्याच्या साखर कारखान्याला जातो, दूध गावच्या संस्थेमार्फत ‘गोकुळ’ला जाते आणि या दोन्हींच्या बिलांवर मुलांची शिक्षणे होतात. मुलगा वाणिज्य शाखेचा पदवीधर झाला की ‘पुढे काय?’ हा प्रश्न घराच्या सोप्यात येऊन बसतो. पूर्वी या प्रश्नाची उत्तरे स्पर्धा परीक्षा, सहकारी बँक, साखर कारखाना किंवा पुण्यातील एखादी कंपनी अशी असत. गेल्या काही वर्षांत त्यांत एका नव्या उत्तराची भर पडली आहे. कोल्हापुरातील परदेशी शिक्षणाच्या सल्लागार कार्यालयात जायचे आणि इंग्लंड, कॅनडा किंवा ऑस्ट्रेलियातील मनुष्यबळ व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमाला प्रवेश घ्यायचा.

हाच विषय का? त्या विषयाची ओढ आहे म्हणून, असे उत्तर क्वचितच मिळते. कोणत्याही शाखेच्या पदवीधराला तेथे प्रवेश मिळू शकतो, गणिताची फारशी अडचण येत नाही, अभ्यासक्रम एका वर्षात संपतो आणि ‘एचआर’ला सगळीकडे मागणी असते असे कोणीतरी सांगितलेले असते, ही त्यामागची खरी कारणे. आयुष्याची दिशा ठरवणारा निर्णय विषयाच्या गोडीवर न होता व्हिसाच्या सोयीवर होतो. दुखण्याचे मूळ येथे आहे.

फुकट सल्ल्याची किंमत

सल्लागार विद्यार्थ्याकडून बहुधा काहीच घेत नाही. पालकांना याचे कौतुक वाटते. ‘अहो, त्यांनी एक रुपयासुद्धा मागितला नाही,’ असे ते शेजाऱ्यांना सांगतात. परंतु जो सल्ला फुकट मिळतो त्याचे पैसे कोणीतरी देत असतोच. येथे ते परदेशी विद्यापीठ देते. प्रवेश निश्चित झाला आणि शुल्क भरले गेले की विद्यापीठाकडून सल्लागाराला दलाली मिळते. बाजारात मालाची गुणवत्ता विक्रेत्याच्या दलालाला विचारून कोणी माल घेत नाही. मुलाच्या भवितव्याच्या बाबतीत मात्र चांगली शिकलेली कुटुंबेही हा साधा व्यवहार विसरतात.

परदेशी विद्यापीठे एवढी उदार का झाली, तेही समजून घेतले पाहिजे. इंग्लंडमध्ये स्थानिक विद्यार्थ्यांच्या पदवी शिक्षणाच्या शुल्कावर सरकारने कमाल मर्यादा घातलेली आहे. परदेशी विद्यार्थ्यांच्या शुल्काला अशी मर्यादा नाही. स्थानिक विद्यार्थ्यांना शिकवताना आणि संशोधन करताना येणारी तूट परदेशी विद्यार्थ्यांच्या पैशातून भरून निघते, हे ब्रिटिश सरकारच्याच स्थलांतर सल्लागार समितीने मे २०२४ मधील अहवालात नोंदवले. त्याच समितीने काही दलालांच्या गैरप्रकारांबाबतही चिंता व्यक्त केली. पुढे २०२५च्या अर्थसंकल्पात तेथील सरकारने इंग्लंडमधील विद्यापीठांवर दर परदेशी विद्यार्थ्यामागे वर्षाला ९२५ पौंडांची आकारणी २०२८ पासून करण्याचे जाहीर केले. ज्याला येथे ‘उच्चशिक्षणाची सुवर्णसंधी’ म्हटले जाते, त्याची तेथील हिशेबवहीत नोंद उत्पन्नाच्या रकान्यात होते.

आकडेही पाहावेत. अशा अभ्यासक्रमाचे वर्षाचे शुल्क अनेक ठिकाणी पंधरा ते पंचवीस हजार पौंडांच्या दरम्यान असते. त्याशिवाय लंडनबाहेर राहणाऱ्या विद्यार्थ्याला दरमहा सुमारे १,१७० पौंड याप्रमाणे नऊ महिन्यांचा खर्च बँकेत दाखवावा लागतो. आरोग्य अधिभार, व्हिसा, विमान हे वेगळेच. एक पौंड शंभर रुपयांच्याही पुढे गेलेला असताना ही रक्कम सहज तीस लाख रुपयांच्या पलीकडे जाते. शैक्षणिक कर्जाच्या सर्वसाधारण योजनेत साडेसात लाखांवरील कर्जाला तारण लागते. शेतजमीन तारण म्हणून बँका सहसा स्वीकारत नाहीत. मग राहते घर किंवा बिगरशेती भूखंड गहाण पडतो आणि उरलेल्या रकमेसाठी एखादा जमिनीचा तुकडा विकला जातो. पिढ्यान् पिढ्या ज्या मातीने घर पोसले, ती माती एका वर्षाच्या अभ्यासक्रमाच्या शुल्कात विरघळून जाते.

उघडणारी आणि मिटणारी दारे

हे कर्ज कशाच्या भरवशावर काढले जाते? ‘तेथे नोकरी लागेल, दोन-तीन वर्षांत फिटेल’ या भरवशावर. हा भरवसा किती पोकळ आहे, हे गेल्या पंधरा-सोळा वर्षांच्या इतिहासाने वारंवार दाखवून दिले आहे.

ऑस्ट्रेलियात पाककला आणि केशकर्तन हे व्यवसाय एके काळी कायम वास्तव्याच्या मागणी-यादीत होते. भारतातून हजारो तरुण ते शिकायला गेले. फेब्रुवारी २०१०मध्ये तेथील सरकारने ती यादीच रद्द केली आणि अभ्यासक्रम अर्धवट असलेल्या मुलांच्या पायाखालची वाळू सरकली. इंग्लंडने शिक्षणानंतर काम करण्याची सवलत एप्रिल २०१२मध्ये बंद केली, जुलै २०२१मध्ये दोन वर्षांसाठी पुन्हा सुरू केली, आणि १ जानेवारी २०२७ पासूनच्या अर्जांसाठी ती दीड वर्षावर आणण्याचा निर्णय २०२५मध्ये घेतला. दरम्यान जानेवारी २०२४ पासून अशा पदव्युत्तर विद्यार्थ्यांना पती, पत्नी किंवा मुले सोबत नेण्यास बंदी झाली. कुशल कामगार व्हिसासाठीची सर्वसाधारण वेतनमर्यादा जुलै २०२५मध्ये वर्षाला ४१,७०० पौंड झाली. नवख्यांना त्यात काही सवलत आहे, परंतु मनुष्यबळ विभागातील पहिल्या पायरीच्या पदांचे वेतन सामान्यतः त्या सवलतीच्याही खालीच राहते.

कॅनडाची कथा याहून बोलकी आहे. जानेवारी २०२४मध्ये तेथील सरकारने विद्यार्थी परवान्यांच्या संख्येवर मर्यादा घातली आणि निर्वाहासाठी दाखवायची रक्कम दहा हजार डॉलरवरून २०,६३५ डॉलर केली. १ नोव्हेंबर २०२४ पासून, पदवी न देणाऱ्या महाविद्यालयीन अभ्यासक्रमांसाठी अर्ज करणाऱ्यांना शिक्षणानंतरचा कामाचा परवाना फक्त निवडक शाखांपुरता ठेवण्यात आला. शेती, आरोग्य, विज्ञान-तंत्रज्ञान, कुशल कारागिरी, वाहतूक यांना त्या यादीत जागा मिळाली. व्यवसाय व्यवस्थापनाच्या शाखांना मिळाली नाही. म्हणजे मनुष्यबळ व्यवस्थापनाचा जो एक-दोन वर्षांचा डिप्लोमा दलाल सर्वांत सहज विकत होते, त्याच्याच मागचे दार बंद झाले. अमेरिकेतही हा विषय बहुधा विज्ञान-तंत्रज्ञानाच्या वर्गात मोडत नसल्याने पदवीनंतर कामाला एकच वर्ष मिळते, आणि सप्टेंबर २०२५मध्ये नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क जाहीर झाल्यावर नवख्यासाठी पुढची वाट आणखी अनिश्चित झाली.

यात त्या देशांना दोष देण्याचे कारण नाही. आपल्या तरुणांच्या रोजगाराचे रक्षण करणे हा प्रत्येक राष्ट्राचा अधिकार आहे आणि कर्तव्यही. ते आपापल्या राष्ट्राचे हित पाहतात. येथील कुटुंबे मात्र आपले हित दुसऱ्याच्या संसदेच्या मर्जीवर सोडून मोकळी होतात. दोष असलाच तर तो या भाबडेपणाचा आहे.

माणूस ओळखण्याचे शास्त्र

याहून मूलभूत प्रश्न विषयाचा आहे. पुलाचे गणित लंडनमध्ये आणि कोल्हापुरात सारखेच असते. मनुष्यबळ व्यवस्थापनाचे तसे नाही. हे शास्त्र तीन पायांवर उभे असते. त्या देशाचा कामगार कायदा, त्या समाजाची भाषा आणि तेथील माणसांचा स्वभाव. हे तीनही पाय त्या त्या मातीत रोवलेले असतात. इंग्रज कामगाराचा तंटा इंग्रजी कायद्यानुसार, त्याच्या बोलीतील खाचाखोचा ओळखून सोडवण्यासाठी तेथील मालक वर्षभरापूर्वी आलेल्या परदेशी तरुणाची निवड सहसा का करील? आणि तोच तरुण परतला तर ब्रिटिश रोजगार न्यायाधिकरणाचे नियम कागलच्या औद्योगिक वसाहतीत त्याच्या कितीसे उपयोगी पडतील?

इंग्लंडमधील या व्यवसायाचा उगमही तेथील मातीतला आहे. यॉर्क येथील राउंट्री यांच्या चॉकलेट कारखान्यात, क्वेकर पंथाच्या धर्मभावनेतून कामगार कल्याणाचे काम सुरू झाले. १९१३ साली तेथेच कल्याण कार्यकर्त्यांची संघटना स्थापन झाली. आज मनुष्यबळ क्षेत्रातील मान्यतेचा शिक्का मारणारी ब्रिटिश संस्था ‘सीआयपीडी’ ही तिचीच वारसदार. त्यांनी आपल्या श्रद्धेतून आपली व्यवस्था घडवली, हे कौतुकास्पदच आहे.

परंतु भारताची पाटी कोरी होती काय? जमशेटजी टाटा यांनी १८७७ साली नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली आणि १८८६मध्ये तेथील कामगारांसाठी निवृत्तिवेतन निधी उभारला. १८८४मध्ये मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी करणारे नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांतून १८९० साली कामगारांना रविवारची सुटी मिळाली. १९३६मध्ये मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेचा पाया घातला गेला. १९४८च्या कारखाने कायद्याने पाचशे किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणे बंधनकारक केले. नव्या संहितेत ही मर्यादा २५० कामगारांवर आणली आहे. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी चार श्रमसंहिता लागू होऊन २९ जुने कायदे त्यांत सामावले गेले. देशातील प्रत्येक कारखान्याला या संहिता समजावून सांगणारी माणसे हवी आहेत. नेमक्या अशा वेळी येथील तरुण कर्ज काढून दुसऱ्या देशाचा कायदा पाठ करतो आहे!

मुरगूडच्या परिसरातच या शास्त्राचे केवढे मोठे विद्यापीठ पसरले आहे! दर हंगामाला बीडसह मराठवाड्यातून ऊसतोड मजूर येतात. नवराबायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात. मुकादम उचल घेतो, वाहनमालकाशी करार करतो. कधी टोळी येते, कधी उचल बुडते आणि वाहनमालक देशोधडीला लागतो. दुसऱ्या बाजूला पाचटाच्या खोपीत राहणाऱ्या मजुराच्या मुलांची शाळा बुडते आणि गरोदर स्त्री कोयता हातात घेऊन पहाटे फडात उतरते. भरती, करार, आगाऊ रक्कम, स्थलांतर, आरोग्य, शिक्षण असे मनुष्यबळ व्यवस्थापनाचे सगळे अध्याय या एका फडात वाचायला मिळतात. पलीकडे कोल्हापूरच्या फाउंड्रींमध्ये बिहार, उत्तर प्रदेश आणि ओडिशातून आलेले कामगार भट्टीपुढे उभे असतात. त्यांच्याशी हिंदीत दोन आपुलकीचे शब्द बोलणारा, त्यांची छटपूजेची सुटी समजून घेणारा, भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक मिळवून देणारा अधिकारी किती कारखान्यांत आहे? परदेशातील कोणत्या पाठ्यपुस्तकात ‘उचल’ या शब्दावर एखादे प्रकरण आहे?

माणूस की संसाधन?

‘ह्यूमन रिसोर्स’ या शब्दातच एक दृष्टी दडलेली आहे. कोळसा, लोखंड, पाणी यांच्या रांगेत माणूस. वापरायचा, मोजायचा आणि उपयोग संपला की वगळायचा. १९८५ साली केंद्रातील शिक्षण खात्याचेही ‘मानव संसाधन विकास’ असे नामकरण झाले आणि ज्या देशात विद्येला मुक्तीचे साधन मानले गेले, त्या देशाचे विद्यार्थी पस्तीस वर्षे सरकारदरबारी ‘संसाधन’ ठरले. २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाबरोबर ‘शिक्षण मंत्रालय’ हे नाव परत आले. हा बदल केवळ पाटीचा नव्हता. त्यामागे माणसाकडे पाहण्याची भूमिका होती.

ही भूमिका पं. दीनदयाळ उपाध्याय यांनी एप्रिल १९६५मध्ये मुंबईतील चार व्याख्यानांत मांडली होती. माणूस शरीर, मन, बुद्धी आणि आत्मा यांचा मिळून होतो. त्याची केवळ पोटाची भूक ओळखणारी व्यवस्था, भांडवलशाही असो वा साम्यवादी, अपुरीच ठरते. दत्तोपंत ठेंगडी यांनी हाच विचार कारखान्याच्या दारापर्यंत नेला. वर्ध्यातील आर्वीचा हा सुपुत्र २३ जुलै १९५५ रोजी भोपाळमध्ये भारतीय मजदूर संघाची स्थापना करतो, वर्गसंघर्षाच्या लाल पोथीला नकार देतो, उद्योगाला कुटुंबाची उपमा देतो आणि विश्वकर्मा जयंती हा श्रमाचा राष्ट्रीय दिवस मानतो. मालक आणि मजूर यांचे नाते करारापलीकडचे असते, ही मांडणी जगातील कोणत्याही व्यवस्थापन संस्थेत अभ्यासली जावी अशी आहे. परंतु लाखो रुपये मोजून मनुष्यबळ शास्त्र शिकायला निघालेल्या मराठी तरुणाला ठेंगडींचे नाव तरी ठाऊक असते काय? आपल्या घरातील ठेव्याची ओळख नाही आणि दुसऱ्याच्या घरची पावती मात्र फ्रेम करून भिंतीवर, ही मेकॉलेच्या शिक्षणाची आजही न सुटलेली सवय होय.

जे गेले आणि परतले

यावर कोणी म्हणेल, म्हणजे तरुणांनी विहिरीतच राहायचे काय? मुळीच नाही. परदेशी जाऊन विद्या आणणे ही महाराष्ट्राची उज्ज्वल परंपरा आहे. तिचा एक धागा थेट कोल्हापूरला येऊन मिळतो.

१८८३ साली आनंदीबाई जोशी अमेरिकेला निघाल्या. निघण्यापूर्वी श्रीरामपूर येथील सभेत त्यांनी आपण का जात आहोत, हे जाहीरपणे सांगितले. भारतातील स्त्रियांना स्त्री डॉक्टरची गरज आहे म्हणून जायचे, हिंदू म्हणून जायचे आणि हिंदू म्हणूनच परत यायचे, असा तो निर्धार होता. १८८६मध्ये त्यांनी एम. डी. पदवी मिळवली ती हिंदूंमधील प्रसूतिशास्त्रावर प्रबंध लिहून. कोल्हापूर संस्थानाने त्यांना आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाच्या स्त्री विभागाचे प्रमुखपद देऊ केले. क्षयाने त्यांना गाठले आणि फेब्रुवारी १८८७मध्ये पुण्यात त्यांचे निधन झाले. कोल्हापूरच्या त्या जागेवर काम करणे त्यांच्या नशिबी आले नाही. परंतु हेतू किती स्पष्ट होता!

दुसरे उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे. सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले. मार्च १९२०मध्ये तत्कालीन कागल जहागिरीतील माणगावच्या परिषदेत, कागलच्या घाटगे घराण्यातून कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आलेल्या राजर्षी शाहूंनी त्यांच्या नेतृत्वाचा गौरव केला आणि त्याच वर्षी ते अपुरे शिक्षण पूर्ण करण्यासाठी पुन्हा लंडनला गेले. त्या विद्येचे त्यांनी काय केले? १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात ते मजूर खात्याचे सदस्य होते. आठवड्याचे कामाचे तास ५४ वरून ४८ वर आणणारा १९४६चा कायदा आणि कर्मचारी राज्य विमा योजनेचा पाया घालणारा १९४४चा अडारकर अहवाल, दोन्ही त्यांच्याच कार्यकाळातले. परदेशी घेतलेल्या विद्येची फळे भारतीय कामगाराच्या ताटात आली. मनुष्यबळ व्यवस्थापन शिकू पाहणाऱ्या मुरगूडच्या तरुणाला याहून जवळचा आदर्श कोठे मिळणार?

अशाच उंचीच्या शिक्षणासाठी अनुसूचित जातींतील गुणवंतांना राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. जगातील अग्रगण्य विद्यापीठांत गुणवत्तेवर प्रवेश मिळवणाऱ्या प्रत्येक तरुणाने अवश्य जावे. आक्षेप आहे तो प्रवेशासाठी गुणवत्ता न पाहणाऱ्या, फक्त बँकेतील शिल्लक पाहणाऱ्या दुकानांवर.

कोणी काय करावे?

प्रामाणिकपणे बोलायचे तर दोष एकट्या दलालाचा नाही. येथील उद्योजकांनीही आरशात पाहावे. मनुष्यबळ अधिकाऱ्याची जागा नातलगाला द्यायची, पगार कारकुनाचा द्यायचा, काम हजेरीपुरते सांगायचे आणि मग ‘चांगली मुले थांबत नाहीत’ म्हणून हळहळायचे, हा दुटप्पीपणा आहे. शिवाजी विद्यापीठ १९६२ पासून आणि ‘सायबर’ संस्था १९७६ पासून कोल्हापुरात आहे. तेथून बाहेर पडणाऱ्या तरुणाला कागल, शिरोली, गोकुळ शिरगावच्या वसाहतींनी सन्मानाची पहिली नोकरी दिली, तर अनेक घरांची कागदपत्रे घरातच राहतील. स्वदेशी हा शब्द वस्तूंपुरता नसतो. स्वदेशी माणसालाही गिऱ्हाईक लागते.

पालकांनी सही करण्यापूर्वी चार गोष्टी पाहाव्यात. विद्यापीठाचे नाव दलालाच्या तोंडून न घेता स्वतः तपासावे. त्या देशाचा शिक्षणोत्तर कामाचा नियम त्या सरकारच्या अधिकृत माहितीतून वाचावा. गेल्या दोन वर्षांत तोच अभ्यासक्रम पूर्ण केलेल्या किमान तिघांशी बोलावे. आणि तेथे नोकरी मिळालीच नाही, तर येथील पगारात हप्ता फिटेल का, याचा हिशेब कागदावर मांडावा. चौथ्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी असेल, तर ते शिक्षण म्हणजे निव्वळ जुगार आहे.

कार्यकर्त्यांवरही एक जबाबदारी येते. १ जानेवारी २०२४च्या परराष्ट्र मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार तेरा लाखांहून अधिक भारतीय विद्यार्थी परदेशात शिकत होते. त्यांत खेड्यापाड्यांतून गेलेली, एका खोलीत चौघे राहणारी, रात्री गोदामात माल उचलून सकाळी वर्गात डुलक्या घेणारी मुलेही आहेत. घरी दूरध्वनीवर ‘सगळे छान आहे’ असे ती सांगतात, कारण घर गहाण आहे हे त्यांना ठाऊक असते. व्हिसा संपत आला तरी परत यायला ती धजावत नाहीत, कारण गावात झालेल्या सत्काराचा फ्लेक्स त्यांच्या डोळ्यांपुढे असतो. प्रत्येक तालुक्यात जाणत्या मंडळींनी जाण्यापूर्वीच्या सल्ल्याची निःशुल्क आणि दलालीमुक्त व्यवस्था उभी करावी. गेलेल्यांशी संपर्क ठेवावा. आणि जो हात हलवत परत येईल, त्याला ‘फसला’ असे न हिणवता घरात घ्यावे, कामाला लावावे.

पुढच्या हंगामात टोळ्या पुन्हा येतील, फडांत कोयते चालू लागतील, फाउंड्रीच्या भट्ट्या पेटतील. तेथे माणसे सांभाळणारी, माणसे जाणणारी माणसे हवी आहेत. त्यासाठी लागणारी विद्या परदेशातून आणायची असेल तर जरूर आणावी. मात्र ती आणण्यासाठी गहाण टाकलेले घर परत मिळेल, एवढी खात्री निघण्यापूर्वीच करून घ्यावी.